बंकटचा जप्त झालेला पाय

मित्रांनो, मी पाय आहे. पण हाडामांसाचा नाही. प्लॅस्टिकची नळी, रबरी पाऊल आणि चामड्याचे दोन पट्टे मिळून मी झालो. बीडला भरलेल्या एका शिबिरात कारागिरांनी मला तापवून, घासून घडवले आणि माजलगावकडच्या बंकट नावाच्या मेंढपाळाच्या डाव्या गुडघ्याखाली बसवले. त्याचा स्वतःचा पाय उसाच्या ट्रॉलीखाली गेला होता. पहिल्याच दिवशी तो मला थोपटून म्हणाला, "गड्या, आता तुझ्यावरच हाय समदं."

आमचे लवकरच जमले. धरणाच्या काठाने, काढणी झालेल्या रानांतून आम्ही दिवसभर मेंढरांमागे चालायचो. माझे पाऊल झिजले की बंकटची बायको भिवराबाई त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवायची. ओल्या फडक्याने मला पुसताना ती नवऱ्याला म्हणायची, "तुमच्यापरीस ह्यालाच लई जपावं लागतं." मला ते फार आवडायचे.

एका उन्हाळ्यात सिरसाळ्याजवळ मेंढरे कुणाच्या तरी हिरव्या कडवळात, म्हणजे चाऱ्याच्या ज्वारीत, शिरली. भांडण पेटले आणि बंकटने काठी घातली. शेतमालकाचा हात मोडला. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. कोर्टाने बंकटला दीड वर्षाची शिक्षा दिली आणि ती त्याने मान खाली घालून ऐकली.

तुरुंगाच्या फाटकात झडती झाली. तिथल्या अधिकाऱ्यांनी माझ्याकडे बोट दाखवले.

"पाय काढ. पोकळ आहे, यात काहीही लपवता येतं."

"साहेब, आत बघा की. रिकामा हाय."

"काढ म्हटलं ना!"

माझ्या पट्ट्याला नंबराची चिठ्ठी बांधून मला कोठीतल्या फळीवर ठेवले. शेजारी कैद्यांचे कमरपट्टे, किल्ल्या, घड्याळे. महिन्याभरात माझ्या पोटात कोळ्याने जाळे विणले.

तिकडे बराकीत काय चालले होते, ते मला पुढे बंकटच्याच तोंडून कळले. भिंत धरून तो एका पायावर उड्या मारत जायचा. न्हाणीघरात घसरून त्याची हनुवटी फुटली. त्याने दोन अर्ज दिले, एकाचेही उत्तर आले नाही. शेवटी अंगद नावाच्या एका शिकलेल्या कैद्याने उच्च न्यायालयाला लिहायचे ठरवले. बंकट सांगत गेला, अंगद लिहीत गेला: "मला शिक्षा झाली, ती मी भोगतो. पण माझा पाय जप्त करा, असं कोर्टानं कुठं म्हटलंय?"

त्या एका कागदाची याचिका झाली. न्यायालयाच्या विधी सेवा समितीतर्फे धनश्री नावाच्या तरुण वकीलबाई बंकटला मिळाल्या आणि अधिकाऱ्यांना नोटीस गेली.

मग एके दिवशी मला फळीवरून काढून साहेबांच्या टेबलावर ठेवले. समोर बंकट. सहा महिन्यांनी आम्ही एकमेकांना पाहत होतो. तो लई वाळला होता.

"हे बघ, याचिका मागे घे. पाय आत्ताच घेऊन जा," साहेब म्हणाले.

बंकटचा हात माझ्या पट्ट्यापर्यंत आला आणि थांबला.

"साहेब, आमच्या बराकीतल्या आप्पारावच्या कुबड्या बी तुमच्याकडंच हायत. त्या देणार का?"

"तुला काय करायचंय? तुझ्यापुरतं बघ."

"मग का म्हून मागं घेऊ?" असे म्हणून बंकटने हात मागे घेतला आणि भिंत धरत, उड्या मारत तो निघून गेला. मित्रांनो, खरे सांगतो, तेव्हा मला त्याचा राग आला होता. फळीवर पडल्या पडल्या पुष्कळ विचार केला, तेव्हा कुठे त्याचे म्हणणे मला उमगले.

आणखी तीन महिन्यांनी मला पिशवीत घालून उच्च न्यायालयात नेले. सरकारी वकिलांनी सुरक्षेचे कारण सांगितले. न्यायमूर्ती बाईंनी शांतपणे विचारले, "झडती घ्या, रोज घ्या. पण झडतीत काही सापडलं नाही, तर पाय परत का दिला नाही?"

सरकारी वकील कागद चाळू लागले.

"त्यांना पाय घालू द्या," बाई म्हणाल्या.

बंकटने जाळे झटकून मला चढवले, पण त्याचा गुडघ्याखालचा भाग बारीक झाला होता. मी सैल पडलो. मागे बसलेली भिवराबाई उठली. तिने पिशवीतल्या जुन्या लुगड्याच्या धडप्याची पट्टी फाडली, घडी करून माझ्यात बसवली आणि हळूच विचारले, "आता टोचतंय का ओ?"

"न्हाई," बंकट म्हणाला आणि पट्टे आवळून उभा राहिला.

त्याच दिवशी हुकूम झाला: कैद्याचा कृत्रिम पाय, कुबडी, चष्मा, कानातले यंत्र काढून ठेवायचे नाही, तपासायचे आणि लगेच परत द्यायचे. अधिकाऱ्यांना लेखी जाब द्यावा लागला.

उरलेली शिक्षा भोगायला बंकट परत गेला, तेव्हा मीही त्याच्याबरोबर गेलो. आप्पारावांच्या कुबड्या आमच्या आधीच बराकीत पोहोचल्या होत्या. सकाळी अंगणात आम्ही सारे मिळून फेऱ्या मारायचो. तुरुंगातले ते नऊ महिने मला फार सुखाचे गेले.

आता मी झिजून गेलो आहे आणि बंकटला नवा पाय मिळणार आहे. मित्रांनो, तुमच्या घरात कुणाची कुबडी, कुणाचा चष्मा असेल, तर ते त्यांच्या हाताशी ठेवा. आणि कुणी चुकला, त्याला शिक्षा झाली, तरी त्याची चालायची सोय काढून घेऊ नका. चूक बंकटच्या हातून झाली होती, आणि तरीही त्याला चालायचे होते.