बाप नसलेली पुस्तकं

शांतारामरावांना एखादं पुस्तक आवडलंय, असं दिल्लीजवळच्या वैशालीतल्या त्या फ्लॅटमध्ये गेल्या कित्येक दिवसांत कुणी ऐकलं नव्हतं. माणूस केंद्र सरकारात अंडर सेक्रेटरी होऊन निवृत्त झालेला. जन्मभर फाइलींवर शेरे मारले, आता पुस्तकांवर मारायचे. त्यातून डोळ्यांनी दगा दिला. समोरच्याचा चेहरा दिसत नाही पण कडेची खुर्ची दिसते, अशी गत, आणि छापील अक्षर तर एकही लागत नव्हतं. म्हणून ऐट कमी झाली म्हणता? नाव नको. रोज दुपारी जेवण झालं की ते पलंगावर पाय पसरून बसायचे आणि फर्मान सोडायचे, "विजया, पुट अप कर."

म्हणजे, वाच. बायको नाही, यांच्या सेक्शनमधली क्लार्कच होती जशी काही.

विजयालक्ष्मीबाई वाचायच्या. तिथल्या मराठी मंडळात पुण्याहून नव्या पुस्तकांचं खोकं आलं की ते आधी यांच्या घरी यायचं, आणि महिन्याच्या बैठकीत शांतारामरावांनी एकेक पुस्तक सोलायचं, असा रिवाजच पडला होता. लोक समोशासाठी यायचे तसे त्यासाठीही यायचे. खोटं कशाला बोला, मजा यायची. पानिपतावरच्या जाडजूड कादंबरीबद्दल ते म्हणाले, "लेखक काला अंबच्या स्मारकापाशी जाऊन एक सेल्फी काढून आला आणि त्या सेल्फीची सहाशे पानं केली." हॉटेलवाल्या उद्योजकाच्या आत्मचरित्राला म्हणाले, "याला आत्मचरित्र नाही, मेन्यूकार्ड म्हणतात." कवितासंग्रहावर म्हणाले, "पानभर कोरं आणि कोपऱ्यात तीन ओळी. कवीला सांगा, उरलेल्या जागेत वाण्याचा हिशेब लिही, कुणाच्या तरी कामाला येईल." आनंदी म्हातारपणाचा मंत्र देणाऱ्या पुस्तकाचा लेखक चाळिशीचा निघाला, तेव्हा तर त्यांनी मागचं कव्हर ऐकूनच पुस्तक रिजेक्ट केलं.

पण एक तक्रार मात्र ठरलेली. "हल्लीच्यांना बाप लिहिता येत नाही. आई लिहितात पोटभर. बाप पहिल्या दोन प्रकरणांत खोकतो आणि गायब. अरे, घर चालवतो कोण? पण लिहायची छाती नाही ना." मंडळी माना डोलवायची.

ते बाप कुठं जातात, हे एकट्या विजयालक्ष्मीबाईंना ठाऊक होतं. त्याच त्यांना वगळायच्या.

त्याचं असं झालं. यांची एकुलती एक मुलगी चेतना. तिनं ऑफिसातल्या एका केरळी ख्रिश्चन मुलाशी लग्न केलं आणि गुडगावला राहायला गेली. वर्षभरानं तान्हं बाळ घेऊन दारात उभी राहिली. तेव्हा शांतारामरावांचे डोळे धड होते. त्यांनी दाराच्या भिंगातून पाहिलं, एका हातानं बाईंचं मनगट धरून ठेवलं, आणि आतूनच मोठ्यानं म्हणाले, "गलत घर है." बापाचा आवाज लेकीला कळत नाही होय? ती थोडा वेळ उभी राहिली आणि जिना उतरून गेली. तेव्हापासून या घरात तिचं नाव निघालं नाही. बाईंनी नातू पाहिला तो मोबाइलवर, तोही बाथरूमचा नळ सोडून.

पुढे वाचनाचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. त्या पानिपतच्या कादंबरीत एक सरदार पोराला तोडून टाकतो आणि मरेपर्यंत त्याचं तोंड बघत नाही. बाई तिथवर आल्या मात्र, त्यांनी चार-पाच पानं एकदम उलटली. शांतारामरावांना पत्ता लागला नाही. मग काय, सवयच लागली. हॉटेलवाला मुलाचे पाय धरून माफी मागतो, ते प्रकरण गाळलं. नॉर्वेच्या भाषांतरित रहस्यकथेत घरातला कर्ताच खुनी निघाला, तर बाईंनी त्याला मोकळं सोडून खून ड्रायव्हरच्या माथी मारला. बिचारा फुकट फासावर गेला. बैठकीत शांतारामराव छातीठोकपणे म्हणाले, "ड्रायव्हर खुनी, हे पहिल्याच पानावर कळतं." कुणी हरकत घेतली नाही. पुस्तक वाचलं होतं कुणी?

बाईंना त्यांची दया येत होती म्हणून नव्हे. त्यांना भीती एकाच गोष्टीची होती. असला बाप कानावर पडला की हा माणूस उशीला टेकून म्हणेल, "बरोबर केलं त्यानं." ते एकदा ऐकलं असतं, तर पुन्हा त्याच्या ताटात पोळी वाढायला हात पुढे झाला नसता. घर मोडायचं नव्हतं, म्हणून त्या पानं वगळत होत्या.

या खेपेला खोक्यात स्वरूपाची कादंबरी होती. ही मुलगी इथलीच. मानेसरला मोटारींचे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरी, आणि कंपनीच्या बसमध्ये जातायेता मोबाइलवर लिहून काढलेलं पहिलं पुस्तक. मंडळानं तिला मुद्दाम बोलावलं. नवी साडी, हातात स्वतःची प्रत, आणि चेहऱ्यावर असा आनंद की बघणाऱ्याला काळजी वाटावी.

सेक्रेटरी निखिलनं दोन शब्द गोड बोलून माइक शांतारामरावांकडे दिला.

"भाषा ठीक," ते म्हणाले. "पण कादंबरीत मुलगी घर सोडते, आणि पुढं बाप कुठाय? घरात नाही, दारात नाही. वीस-पंचवीस वर्षं पोसणाऱ्या माणसाला तुम्ही मधेच फेकून दिलंत. याला लेखन नाही, पळपुटेपणा म्हणतात."

स्वरूपा गोंधळली. "काका, पण नववा चॅप्टर पूरा त्यांच्यावरच आहे."

"मी शब्दन् शब्द ऐकलाय."

"बिल्कुल आहे, काका. हे बघा ना." तिनं पान उघडून पुढं केलं. त्यांना ते दिसणार थोडंच. पण मागच्या रांगेत हशा पिकला, आणि हसले ते तिलाच.

"लेखिकेला आपलं पुस्तक आठवत नाही, त्याला मी काय करू?" शांतारामराव आता रंगात आले होते. "आमच्या सौ. आहेत ना साक्षीला. विजया, सांग यांना. आहे का असलं प्रकरण?"

सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या. 'नाही' म्हटलं की घरी जाऊन वरणभात खायला मोकळ्या. त्या पोरीची मात्र पुस्तकातली लबाडी पकडली गेली, अशी गावभर चर्चा होणार. तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते पुसतही नव्हती. चेतना अशीच उभी राहिली असेल दाराबाहेर, हे बाईंच्या मनात आलं, आणि त्यांना इतका संताप आला की उठताना खुर्ची मागं पडली.

"आहे," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला वाचून दाखवलं नाही."

"का?"

"ऐका, म्हणजे कळेल."

त्यांनी स्वरूपाच्या हातातून पुस्तक घेतलं आणि वाचायला लागल्या. दिवाळीचा दिवस. मुलगी मिठाईचा डबा घेऊन येते. बाप भिंगातून बघतो, टीव्हीचा आवाज बंद करतो आणि घरात कुणीच नाही असं भासवत श्वास रोखून उभा राहतो. मुलगी उंबऱ्यावर डबा ठेवून निघून जाते. बाप तो आत घेऊ देत नाही. सकाळी डब्याला मुंग्या लागलेल्या असतात, आणि आई झाडूनं मुंग्या सारत असते. बाईंचा आवाज कुठं अडला नाही. रोज दुपारी वाचत होत्या, तसाच.

प्रकरण संपलं.

शांतारामराव ताडकन उठले. "हे हिला कुणी सांगितलं? आमच्या घरचं हिला कुणी सांगितलं? तू सांगितलंस?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे. मंडळात कुणालाही काही ठाऊक नव्हतं. चेतना परदेशी आहे, एवढंच ते सगळ्यांना सांगत आले होते.

"काका," स्वरूपा हळूच म्हणाली, "मी तर तुम्हाला आज पहिल्यांदा भेटतेय. मी मनानं लिहिलंय हो."

आपण काय बोलून बसलो, हे तेव्हा शांतारामरावांना उमजलं असावं, कारण त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"आणखी किती पुस्तकांत गाळलंस?"

"सगळ्यांत," बाई म्हणाल्या. "जिथं जिथं तुम्ही होतात, ती पानं."

शांतारामराव दाराकडे निघाले. दोन पावलं गेले आणि थांबले, कारण पुढं जिना होता आणि तो त्यांना दिसत नव्हता. एरवी अशा वेळी बाईंचा हात कोपराशी असायचा. शांतारामरावांनी हात थोडा बाजूला धरला, वाट पाहिली. निखिल उठायला लागला, तशी बाईंनी नुसती 'नको' अशी मान हलवली आणि तो परत बसला. शेवटी शांतारामराव चाचपडत मागं आले, खुर्ची हाताला लागली तिच्यावर बसले.

बाईंनी पान उलटलं आणि दहावं प्रकरण वाचायला घेतलं.