एका खुंट्याला दोन हात

मी एक जुनं जातं आहे, मित्रांनो. उत्रोलीच्या चंद्राबाईंच्या पडवीत असतं. वीस वर्षं माझ्या डोक्यावर कोथिंबिरीची कुंडी होती. तक्रार नाही; कोथिंबीर बरी यायची.

पाथरवटानं मला काळ्या दगडातून घडवलं, टाकीचे घाव घालून आतून खडबडीत केलं. मग रोज पहाटे चंद्राबाई आणि शेजारची अकिला समोरासमोर बसून, एकच खुंटा धरून दळायच्या. ओवीची पहिली ओळ अकिलाची, दुसरी चंद्राबाईंची. कधी विठूची, कधी अल्लाची.

तुम्हाला संत आणि सुफी वेगवेगळ्या धड्यांत भेटतात. मला ते एकाच दळणात भेटले. शेकडो वर्षांपूर्वी त्या मंडळींच्या ध्यानात आलं, की बायका कीर्तनाला यायच्या कुठून, फकिराच्या मठात तरी कुठून, त्या तर जात्याला जुंपलेल्या! मग त्यांनी देवाचं नाव दळणाच्या गाण्यांत घातलं. शहाणी माणसं. पीठ चाळायचं काम मात्र बायकांकडेच राहिलं.

पुढं गिरणी आली. अकिला लेकाकडे भोरला राहायला गेली. मी गप्प झालं.

परवा अकिलाची नात गुलफशा तिला रिक्षातून घेऊन आली. कॉलेजात शिकणारी पोर, पण डोळे रडवेले.

"आजी, दादी विसरायला लागलीये. काल मलाच म्हणाली, तू कुणाची गं? तिच्या ओव्या कुठं लिहिलेल्या पण नाहीत."

तिनं दादीला खुर्चीत बसवलं, मोबाईल पुढं धरला. "दादी, म्हण ना."

"काय म्हणू?" अकिला पदराशी चाळा करत राहिली. चंद्राबाईंकडेही तिनं परक्यासारखं पाहिलं.

"अगं पोरी, ती काय पोपट हाय व्हय, बोल म्हटलं की बोलायला?" चंद्राबाई म्हणाल्या. "ती कुंडी उचल आधी."

गुडघे धरत त्या माझ्यापाशी बसल्या. "बसले खरी. उठवायला आता क्रेन मागवा! आकिला, हितं ये. धर."

दोन सुरकुतलेले हात खुंट्यावर आले. मूठभर तांदूळ पडले. मी फिरलं, पण माझा खडबडीतपणा कधीच झिजलेला. तांदूळ जेमतेम मोडून बाहेर आले. मी मनातून हादरलं. माझ्यामुळंच ओवी अडली तर?

दुसरा फेरा. तिसरा. चंद्राबाई गप्पच. पहिली ओळ त्यांची नव्हती ना!

"हात थांबवू नगंस, आकिला. हात थांबला की तोंड थांबतं."

सातव्या फेऱ्याला बारीक आवाज आला:

"खुंटा उभा एकला, हात धरिती दोन..."

चंद्राबाईंनी डोळे मिटून ओळ उचलली:

"पीठ पडतं एकच, दळणारी ती कोण?"

मग थांबायचं नावच नाही. एकोणीस ओव्या झाल्या. गुलफशानं मोबाईल मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडून घेतलं.

अकिलानं खाली वाकून दळणाची चिमूट उचलली, बोटांत चोळली आणि कपाळाला आठी घातली.

"चंद्रे, हे काय दळलंस गं? नुसत्या कण्या!"

‘चंद्रे’ ही हाक ऐकून चंद्राबाई हसल्या. मग म्हणाल्या, "त्याचे दात पडल्यात, भवाने. तुझ्यावानी."

मित्रांनो, घरातल्या जात्याला अधूनमधून टाकी लावून घ्या, एवढंच मागणं. आणि आजीकडून काही हवं असेल, तर नुसतं समोर उभं राहून विचारू नका. खाली बसा, दुसऱ्या बाजूनं खुंटा धरा, आणि तिची ओळ येईपर्यंत फिरवत राहा.