फाईलीत नसलेला मडिवाळप्पा

मित्रांनो, मी एक जुना डीएचसीपी सर्व्हर आहे. मी नसतो तर या जगात कुणालाच स्वतःचा पत्ता सापडला नसता. जग म्हणजे बीदरमधल्या मडिवाळप्पांच्या ऑफिसातलं, पाण्याच्या माठाशेजारचं एक लोखंडी कपाट.

या ऑफिसातून गाणगापूरच्या लॉजांचं बुकिंग चालतं. प्रत्येक लॉजला एक संगणक, पण तो आभासी. एकाच खोक्याच्या पोटात असे पुष्कळ संगणक भाडेकरूंसारखे राहतात; मीही त्यातलाच. त्यांच्यापैकी कुणी जागा झाला की आधी ओरडतो, माझा पत्ता काय? मग मी त्याला एक क्रमांक द्यायचा, तोही मुदतीचा. काहींचा क्रमांक मात्र कायमचा राखलेला, जशी सोलापूरच्या काही घराण्यांची पौर्णिमेची खोली गाणगापुरात राखलेली असते तसा. एकाच क्रमांकावर दोघं आले की दोन्ही लॉज मुके होतात आणि यात्रेकरू बोचकी घेऊन पायरीवर बसतात. भित्रा स्वभाव मला तिथूनच लागला.

कपाटातला पहिला म्हणून मालकांनी मला स्वतःचंच नाव दिलं, मडिवाळप्पा. तेव्हा कौतुकही फार होतं. दसऱ्याला त्यांच्या पत्नी चंद्रम्मा कपाटावर भस्माचे पट्टे ओढायच्या, झेंडूचा हार घालायच्या. एकदा हाराचं पाणी आत झिरपून जळका वास सुटला, पण भावना चांगली होती. पुढं हार बंद झाला आणि पट्ट्यांवर धूळ बसली. हल्ली तर कुणी पत्ता विचारला तरी मी तोंड उघडेपर्यंत त्याचं समाधान झालेलं असतं. पोरं शहाणी झाली, असं मी समजत होतो.

मग मालकांची पुतणी नेत्रावती हैदराबादहून आली. तिनं आपल्या नव्या हत्याराला, म्हणजे यंत्रं उभी करणाऱ्या आणि पुसणाऱ्या एका प्रोग्रामला, कपाटातल्या सगळ्यांची ओळख करून दिली आणि म्हणाली, "काकू, एकेक यंत्र हातानं सांभाळायचे दिवस गेले. कोण ऱ्हाणार, कुणाला कुठला पत्ता, सगळं आता फाईलीत लिहायचं. फाईलीत हाय ते ऱ्हाईल, न्हाई ते पुसलं जाईल."

"आपोआप?" चंद्रम्मांनी विचारलं.

"आपोआप."

त्या शब्दानं आमच्या खोक्याचा पंखा उगीचच जोरात फिरला.

कपाटात बंद पडलेल्या लॉजांचीही यंत्रं होती. म्हणून नेत्रावती म्हणाली, "कामाची कोणकोणती, तेवढीच सांग." बुकिंगचं सगळं चंद्रम्माच बघतात, त्यांना नावं तोंडपाठ. त्या सांगत गेल्या, ती लिहीत गेली. माझी पाळी आली. चंद्रम्मांनी पदर सारखा केला.

"आणि?"

"आणि काय, झालं की. बस."

नवऱ्याचं नाव त्यांनी आयुष्यात एकदाच घेतलं होतं, लग्नात, तेही बायांनी दार अडवलं म्हणून. मी आतून ओरडणार होतो. पण मित्रांनो, आमच्यात कुणी विचारल्याशिवाय बोलायची सोय नाही.

त्या हत्याराची एक रीत चांगली आहे. मारायच्या आधी दाखवतं. राहणारे, येणारे, जाणारे, सगळे पडद्यावर ओळीनं येतात. येणाऱ्यापुढं हिरवी अधिकची खूण, जाणाऱ्यापुढं लाल वजाची. माझ्यापुढं लाल होती. दत्तजयंती तोंडावर आलेली. मी गेल्यावर कुणाला पत्ता कोण देणार? आणि खरं सांगू, यात्रेकरूंची काळजी मला नंतर वाटली. आधी स्वतःचीच वाटली.

नेत्रावती मोठ्यानं वाचू लागली. "जुनी अडगळ चाललीय बघ, काकू. मडिवाळप्पा, कायमचा पुसणार. येस लिहू?"

बाहेरच्या गल्ल्यावरून मालकांचा आवाज आला, "कुणाला पुसायलीस गं?"

चंद्रम्मांच्या बशीतला चहा लुगड्यावर सांडला. "अगं बया, थांब! त्यांना ठेव!"

"कुणाला?"

"ह्यांना!"

"काका तर भायेर बसलेत."

"ते न्हाई गं, कपाटातले!"

येसची दोन अक्षरं पडद्यावर उमटली होती. तिसऱ्यावर नेत्रावतीचं बोट थांबलं. मी त्या बोटाकडं बघत होतो. इतकी भीती मला वीज जातानाही वाटलेली नाही.

"काकू, मग मघाशी कामून न्हाई सांगितलंस?"

"कसं सांगू? तूच सांग, कसं सांगू?"

मालक दारात येऊन उभे राहिले. "रेशनच्या लायनीतसुद्धा माझं नाव सांगायला ही शेजारणीला पुढं करती. आन तू हिला विचारायलीस व्हय?"

"तुमी गप बसा," चंद्रम्मा म्हणाल्या. "तुमाला काय, तुमी वाचलाव."

नेत्रावतीनं ती दोन अक्षरं खोडली. फाईलीत माझं नाव लिहिलं, खाली 'याला पुसू नये' अशी जादा ओळ टाकली आणि हत्यार पुन्हा चालवलं. लाल खूण गेली होती. चंद्रम्मांनी फडक्यानं कपाटावरची धूळ पुसली आणि हळूच हात जोडले. कुणाला, ते विचारायची नेत्रावतीची हिंमत झाली नाही.

तेव्हा मित्रांनो, एवढीच विनंती. घरात जे जे कामाचं आहे त्याची विचारपूस करा, त्याचं नाव वेळेवर तोंडानं घ्या. मनात ठेवलेला मान फाईलीला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी नेत्रावतीनं तपासलं. दिवाळीत बसवलेला राउटरच तेव्हापासून सगळ्यांना पत्ते वाटतोय.