अर्धी चटई

डावी बाजू

चटयांच्या शेडमध्ये त्या सकाळी अर्धीच माणसं आली होती. प्रत्येक चटईच्या डाव्या कडेला एक विणकर, समोरची जागा रिकामी. मुकादमबाई कारणं विचारत फिरली. तीही याच विणकरांच्या जमातीतली, शिकून खुर्चीवर बसलेली.

"माझ्या जोडीदारणीचं पोट बिघडलंय."

"माझीची कंबर धरलीय."

"आमचे हे पडले."

"कुठून?"

"ते अजून ठरलं नाही."

शेड हसली. मुकादमबाईला हसू आलं नाही. आई गेल्यापासून तिला हसूही येत नव्हतं आणि रडूही.

उजवी बाजू

वाचकहो, आधी एक गोष्ट समजून घ्या. या जमातीत अख्खी चटई कोणालाच विणता येत नाही. लहानपणी एकाला डावी बाजू शिकवतात, दुसऱ्याला उजवी. दोन्हींच्या गाठी वेगळ्या. समोरासमोर बसायचं आणि विणत विणत मधे भेटायचं. एकट्याने विणलेली चटई उचलली की सुटून येते.

शेड चालवणाऱ्या कंपनीला हे ठाऊक नव्हतं. तिने एका विणकराला कॅमेऱ्यासमोर बसवलं, ते चित्रीकरण परदेशातल्या कारखान्यात पाठवलं आणि तिथल्या यंत्रांनी गोदामभर अर्ध्या चटया काढल्या. म्हणून आज पुन्हा कॅमेरा येणार होता, या वेळी जोडीसाठी. आणि म्हणूनच आज उजवीकडची सगळी माणसं एकदम आजारी पडली होती.

डावी बाजू

"तुम्हाला उजवी बाजू येते ना?" कंपनीच्या साहेबांनी मुकादमबाईला विचारलं.

"लहानपणी आईने शिकवली होती."

"मग तुम्हीच बसा. पलीकडे ती म्हातारी आहेच. एकदा यंत्राला जमलं की आपली चटई जगभर जाईल. ही शेड मग बंद होईल, पण तुमची शहरातल्या ऑफिसात सोय करतो."

"बरं," ती म्हणाली. हल्ली ती सगळ्यालाच बरं म्हणायची.

म्हातारी म्हणजे तिची सख्खी आत्या.

उजवी बाजू

"या मुकादमीणबाई. खुर्ची नाही आणलीत बरोबर?"

"आत्या, शेड आज ना उद्या बंद होणारच. मी नाही बसले तर दुसऱ्या कोणाला बसवतील."

"बसवू देत. त्याची आत्या त्याला बघून घेईल. मी माझ्या भाचीशी बोलतेय."

"चटईच तर आहे."

"मलाही तसंच वाटायचं. एकदा आईला विचारलं, मला अख्खी का नाही शिकवत? तर म्हणाली, मग भावजयीशी भांडलीस की तिच्या दारात कशाला जाशील?" आत्याने विणायची पात पाण्यात बुडवली. "तुझी आई आणि मी काय कमी भांडलो? तोंडं फिरवून बसायचो. पण काम अडलं की एकीला उठावंच लागायचं. तुमच्या यंत्राला कोणाच्या दारात जावं लागतं?"

"नाही लागत."

"झालं तर मग. ज्याला अख्खी येते, त्याला माणूस लागत नाही."

डावी बाजू

कॅमेऱ्याचा दिवा लागला. ती आत्यासमोर बसली. हात आपोआप उचलले गेले आणि पहिली गाठ पडली. आईची गाठ. काहीच वाटलं नाही. तिने वर पाहिलं. आत्याचे हात मांडीवर होते.

"आजी, सुरू करा," साहेब म्हणाले.

"ती म्हणेल तर विणेन," आत्या भाचीकडे बघत म्हणाली. "माझी उजवी बाजू ती आहे. तिनेच ठरवायचं."

आत्याचा चेहरा इतक्या जवळून तिने कधीपासून पाहिला नव्हता. आई गेल्यापासून ती कोणाच्या समोर बसलीच नव्हती. खुर्चीवरून माणसांचे फक्त भांग दिसायचे.

तिने गाठ सोडली.

"साहेब, मला येत नाही."

"अहो, आत्ता तर घातलीत!"

"चुकून पडली. विणता येत नाही मला."

कॅमेरा पेटीत गेला. ऑफिसातली सोय गेली. खुर्चीही गेली.

मध्ये

आता ती उजवीकडे बसते. बोटं सुजतात.

"उसव," आत्या म्हणते.

"परत?"

"मग? कुठे जायची घाई आहे?"

वाचकहो, शेड अजून चालू आहे. उद्या कदाचित नसेल. मग ही माणसं अंगणात बसतील, चटया कमी विणतील आणि जवळच्या बाजारात विकतील. आपल्या हातची वस्तू जगाला विकावी, त्यात कमीपणा नाही. पण ती करताना आपण एकमेकांना लागतो. ते लागणं विकायला काढू नये. ते गेलं, की चटई जगभर पोचते आणि ती विणणारे एकमेकांच्या दारापर्यंतही पोचत नाहीत.

काल तिचं आणि आत्याचं कडाक्याचं भांडण झालं. आज सकाळी ती उठली आणि आत्याच्या दारात जाऊन उभी राहिली.