माघारीचा दिवस

थोरल्यानं स्टुलावर चढून दवाखान्याच्या पाटीचा पहिला स्क्रू काढला.

"ताई, याला सांग, खालून नीट धर."

"ताई, मला ऐकू येतं म्हणावं," खालून पाटी धरलेला धाकटा म्हणाला.

ताईनं कुणालाच काही सांगितलं नाही. गेल्या आमदारकीच्या निवडणुकीपासून या सख्ख्या भावांचा अबोला होता आणि निरोप पोचवायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. दोघं दोन पक्षांतून उभे राहिले, एकमेकांची उणीदुणी काढत गावभर हिंडले, आणि मतं अशी फुटली की मधल्या मध्ये 'ही माती फक्त आमची' म्हणणाऱ्या पक्षाचा मातीवाला निवडून आला. पूर्वी त्या पक्षाच्या सभेला कुत्रंही फिरकत नसे. आता वरचं सरकार त्यांचं होतं. 'बाहेरच्यां'चे परवाने रद्द करायला फक्त नगरपालिका हाती यायची बाकी होती. दाजी दातांचे डॉक्टर. निम्म्या गावाच्या कवळ्या त्यांनीच बसवलेल्या. पण नाव परक्या वळणाचं, म्हणून काल कुणीतरी पाटीवर दगड मारला होता.

पाटी खाली आली, तशी ताई म्हणाली, "नगराध्यक्षपदाला तिघंच आहात. तुम्ही दोघं आणि मातीवाल्यांचा माणूस. अर्ज मागे घ्यायचा आजचाच दिवस आहे. एकानं माघार घ्या रे, नाहीतर आम्हाला गाव सोडावं लागेल."

"याच्यासाठी? मेलो तरी नाही," थोरला म्हणाला.

धाकट्यानं नुसतं नाक मुरडलं. ताईला दोघांचाही मनापासून राग आला. ते दोन दिशांना निघून गेले.

संध्याकाळी थोरला मागच्या दारानं स्वयंपाकघरात आला.

"ताई, घेतला बाई अर्ज मागे. तुझ्या लाडक्याला सांग, आता निवडून ये म्हणावं."

मग त्याला टेबलापाशी बसलेला धाकटा दिसला. त्याच्या हातातला कप तसाच अधांतरी होता.

"तूही?" थोरल्यानं थेट त्यालाच विचारलं.

"इथून थेट कचेरीतच गेलो. वाटलं, तू काही हटायचा नाहीस."

"कारकून तुझं नाव घेऊन काहीतरी सांगत होता," थोरला हळूच म्हणाला. "मी म्हटलं, त्याचं नाव माझ्यापुढं काढू नका."

ताईनं बोटांवर मोजलं. तिघांतले दोघं गेले, एकटा मातीवाला उरला.

दाजी हात पुसत आत आले. मेव्हण्यांना एकमेकांशी बोलताना पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"अरे वा, सुटला एकदाचा अबोला! मग, उभं कोण राहतंय?"