बांधाबाहेरचे मासे

देवी घटी बसली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ओढ्याचं पाणी मंगलच्या शेततळ्यात घुसलं आणि जाताना मासे घेऊन गेलं. उजाडल्यावर पाणी जरा उतरलं, तेव्हा तळ्याचा बांध वर आला. आत नुसतं गढूळ पाणी. बाहेर सोयाबीन शेंड्यापर्यंत बुडवून कंबरेएवढं साचलेलं पाणी, आणि मासेही तिकडेच. या मुलखाकडे वर्षानुवर्षं पाठ फिरवणारा पाऊस, यंदा आला तो पाहुण्यासारखा नव्हे, जप्तीवाल्यासारखा.

मासे खरं तर आधीच विकायला झाले होते. पण नेकनूरचा व्यापारी म्हणाला होता, "मावशी, आता पितर, मग नवरात्र. कोण घेतंय? दसरा झाला की गाडी लावतो." मंगलने ऐकलं. तिने आणि नवऱ्याने, शहादेवने, यंदा मुकादमाला तोंडावर सांगितलं होतं की ऊसतोडीला येणार नाही. मासे विकायचे, त्यातून पुन्हा बीज सोडायचं आणि घरीच राहायचं. मुकादमाने त्यांच्या जागी दुसरं जोडपं धरलं. कितीतरी दिवाळ्या उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत काढलेली ती बाई, यंदा आपल्या अंगणात पणती लावायची म्हणून पोरीसारखी हरखली होती.

"गेले ओढ्याला," शहादेव बांधावर उकिडवा बसून म्हणाला.

"सगळे न्हाई गेले. सोयाबीनीत पाणी हालतंय, बघा की."

रोज पेंड टाकण्याआधी मंगल पत्र्याचा डबा बडवायची. डबा वाजला की मासे कडेला तोंडं वर करून गोळा व्हायचे. तसंच आता बांधाच्या बाहेरच्या अंगाला बोलवायचे आणि जाळीच्या झोळीने उचलून आत टाकायचे, असं तिच्या मनाने घेतलं.

"आवाज ऐकून गाव गोळा हुईल," शहादेव म्हणाला.

"घरोघर घट बसलेत. नवरात्रात मासळीला कोण शिवतंय?"

तिचा तसा पक्का भरवसा होता. ती स्वतः नऊ दिवस उपाशी आणि अनवाणी राहणारी, मग सगळं गाव तसंच वाटायचं तिला. तिने डबा हाणला. बराच वेळ काही हललं नाही. मग सोयाबीनच्या शेंड्यांमधून एक रेघ आली, तिच्यामागे दुसरी, आणि बघता बघता बांधाखाली कटला माशांची काळी डोकी दाटली.

"आले! आवो, आले बघा!" मंगलला रडू फुटलं. शहादेवने झोळी घातली, एक उचलला, दुसरा उचलला. मासे आत सपकन पडत होते आणि मंगल डबा बडवत होती. तेवढ्या वेळात तिने मनातल्या मनात दिवाळीही करून टाकली.

माणसं आली. कपाळावर मळवट, पायात काही नाही, आणि हातात मच्छरदाण्या. पुढे सटवा होता, शेजारच्या शिवारातला मेंढपाळ.

"सटवा, देवी बसलीय की रे घरात!"

"मग खातंय कोण, काकू? हौदात सोडून ठिवू. दसरा झाला की कापू."

घ्या! उपासही मोडला नाही आणि मासाही सुटला नाही.

"म्या पोसलेत ते. माझे हायेत."

"तळ्यात हुते तवर तुमचे. आता पुराच्या पाण्यात हायेत. पूर कुणाच्या नावावर हाय का?"

सटवा हे चिडून बोलला नाही, साधंच बोलला. पहाटे त्याच पाण्यात त्याची मेंढरं वाहून गेली होती. त्याला शिव्या तरी कोणत्या तोंडाने द्यायच्या? लोक पाण्यात उतरले. अख्ख्या गावाच्या मच्छरदाण्यांपुढे शहादेवची एक झोळी. तो ती हातात धरून नुसता उभा राहिला.

मंगलने डबा टाकून दिला. पण मासे हलेनात. बोलावलं होतं, तर खायला मिळणार म्हणून ते तिच्याच पायाशी ताटकळत राहिले. आपल्या हातून काय झालं ते आता तिच्या ध्यानात आलं. बोलावलं नसतं तर निदान ओढ्याच्या खोल पाण्याला लागून जगले तरी असते.

"जावा! जावा की रं!" ती किंचाळली. मासे जाईनात. तिने बांधाची ओली माती दोन्ही हातांनी उकरली आणि त्यांना हुसकायला जिवाच्या आकांताने पाण्यावर भिरकावली. माती हवेतच फुटली, तिचे बारीक तुकडे पाण्यावर पसरले, रोज पेंड पसरायची तसे. मागे राहिलेले मासेसुद्धा तोंडं उघडून पुढे आले.