पंगत उठेपर्यंत

“चुरमा खडबडीत झाला काय वं?” समोर बसलेल्या पाहुण्या जिजाबाईंनी विचारलं.

वैजयंतीनं नुसती मान हलवली. तोंडात घास असताना ती बोलत नसे. बोलायला जावं तर कानापाशी कट् वाजे आणि जबडा तिथंच अडे.

तिच्या सोळा सोमवारांचं उद्यापन होतं. रिसोडच्या वाटेवरच्या त्यांच्या मळ्यात सकाळीच गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे रोडगे भाजले, कुटून तूपगुळाचा चुरमा केला. एक वाटा देवाला गेला, एक गाईला. तिसरा पंगतीत होता, आणि व्रत करणारीनं पानातला कणही टाकायचा नसतो.

अकोल्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस सांगितलं, त्याला काही वर्षं झाली. नसांवरचं वेष्टण झिजतं, म्हणाले. आधी पाय जड झाले, मग नजर अंधुक झाली. पण बसल्या जागी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधता येतात, म्हणून ती बांधत राहिली. बाजारात तिची जुडी सैल निघाली, असं कुणी कधी म्हटलं नाही. जबड्याचं दुखणं मागाहून आलं. चार घास चावले की गालाचे स्नायू आवळत, कानाखालचा सांधा ठणके. ते कुणाला दिसत नव्हतं.

“तोंड हालवाले का मेहनत लागते?” सासूबाई, चतुराबाई, एकदा म्हणाल्या होत्या. “पाय दुखते म्हनशील तर समजू.”

त्या घरात शेवटचं माणूस जेवेपर्यंत पंगतीतून कुणी उठत नसे. वाफ्यांवर जायची माणसं हात वाळवत तिच्यासाठी खोळंबत. तिला ते सोसवेना. मग ती पंगतीत न बसता “आज उपास हाये” म्हणू लागली. गावात तिच्या उपासांचं कौतुक झालं. त्यातले देवाचे किती आणि जबड्याचे किती, हे एका महादेवालाच ठाऊक.

आज उपास सुटायचा होता. आज उठता येणार नव्हतं.

बाकीच्यांची पानं रिकामी झाली. वैजयंतीचं अर्धं उरलं, आणि तेवढ्यात जबडा अडकला. तोंड अर्धवट उघडं राहिलं. ती घाबरली नाही. डोळे मिटून तिनं दोन्ही सांध्यांवर बोटं टेकवली, श्वास सोडला, मनात महादेवाचं नाव घेतलं. वाढणारी धाकटी जाऊ, सुचिता, गरम पाण्यात पिळलेलं फडकं घेऊन धावली.

“राहू दे वं माय,” जिजाबाई म्हणाल्या. “गाईले देऊन टाक. देव काहून रागावन?”

फडक्याच्या उबेनं सांधा हळूहळू सुटला. वैजयंतीनं घास गिळला.

“आत्याबाई,” सासूकडे पाहत ती सावकाश म्हणाली, “ते सारे उपास नव्हते. मले चावता येत नाही. तुमी माह्यासाठी बसून राह्यता, म्हून उपास सांगत होती मी. आज तेवढं बसा.”

चतुराबाई सुनेच्या मनगटाकडे पाहत होत्या. बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या होत्या.

“सुचिता, मले वाढ.”

“आत्ताच तर पोट भरलं म्हनत होत्या ना, आत्याबाई.”

“वाढ म्हनलं ना. अन् दूध आन. दोघींच्याबी चुरम्यावर टाक. माह्ये दात तरी कुठी राह्यले?”

सुचितानं वाढलं. रस्त्यावर रिसोडच्या जीपनं हॉर्न दिला. जिजाबाईंना त्याच जीपनं जायचं होतं. त्यांनी मांडी मोडली नाही. जीप निघून गेली.

चतुराबाई चिमटीचिमटीनं जेवत होत्या. एक डोळा आपल्या पानावर, एक सुनेच्या. कुणाला घाई नव्हती. वैजयंती चावे, थांबे, गालाला हात लावी, पुन्हा चावे.

शेवटी तिनं बोटानं ताट पुसलं आणि हात जोडले.

तेव्हा चतुराबाईंनी पानात मागं ठेवलेला आपला शेवटचा घास उचलला.